दारू सुटेल तेव्हा सुटेल, आधी शरीर दाखवा

मामांना ॲडमिट करताना सिस्टरने फॉर्म भरता भरता विचारलं, "पेशंटला काही व्यसन?" मी "नाही" म्हणालो. शेजारी मामेबहिणीचे होणारे सासरे उभे होते. मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात आणखी अब्रू कशाला घालवायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तिसऱ्या रात्री मामा उठून बसले आणि चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागले. चादरीवर एकही मुंगी नव्हती. "लाईट ऊनी, मोटर चालू करनी से," म्हणत सलाईनची सुई ओढायला लागले. शेतातली रात्रपाळीची लाईट त्यांना वॉर्डात दिसत होती. मग डाव्या हाताच्या रिकाम्या तळव्यावर उजव्या अंगठ्याने तंबाखू मळत बसले, चुना लावला, चिमूट करून ओठात धरली. हातात काहीच नव्हतं. मामी म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि कुणाला तरी लिंबू आणायला धाडलं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मला जिन्यात नेऊन एकच प्रश्न विचारला, "रोज किती घेतात?" दोन क्वार्टर, मी सांगितलं. ते म्हणाले, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर गोळ्या तेव्हाच सुरू केल्या असत्या. पुढचे पाच दिवस मामा आयसीयूत होते.

आपल्याकडे, जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, पिणाऱ्या माणसाच्या आजाराबद्दल घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "आधी दारू सोड म्हणावं, मग दवाखान्यात नेऊ." हा क्रम चुकीचा आहे. लिव्हर, फुप्फुसं, तोंड, नसा हे दारू सुटायची वाट बघत थांबत नाहीत. एम्सने केलेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी सांगते की दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळालेला असतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. बाकीचे दवाखान्यात पोहोचतात ते रक्ताची उलटी झाल्यावर नाहीतर अपघात झाल्यावर, तेही रात्री-अपरात्री. साध्या सकाळच्या ओपीडीत त्यांना कसं न्यायचं, तिथे काय बोलायचं आणि घरी कुठल्या चुका टाळायच्या, ते खाली क्रमाने लिहितो.

पहिलं काम: कागदावर खरा आकडा लिहा

दवाखान्यात निघायच्या आदल्या दिवशी वहीचं एक पान घ्या. "थोडी घेतो", "कधीमधी", "सणासुदीला" हे शब्द त्यावर नकोत. काय पितो (देशी, इंग्लिश, मोहाची, हातभट्टीची), रोज किती, किती वर्षांपासून, सकाळी उठल्या उठल्या लागते का, आणि शेवटची कधी घेतली, तारीख आणि वेळेसकट. १८० मिलीच्या इंग्लिश क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यामुळे क्वार्टरचा आकडा सांगितला की डॉक्टरांना पुढचा हिशोब लगेच लागतो. मोहाच्या किंवा भट्टीच्या दारूचं प्रमाण असं ठरलेलं नसतं. तिथे ग्लास किती आणि केवढा ते लिहा.

त्याच पानावर तंबाखूच्या पुड्या, विड्या, गुटखा लिहा. झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरं 'कुत्ता गोळी' म्हणतात त्या, आणि खोकल्याचं औषध बाटली-बाटलीने पिणं, हेही न लाजता लिहा. कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम. ती रोज घेणाऱ्याने एकदम थांबवली तर दारूसारखेच झटके येऊ शकतात. आधी कधी फिट आली होती का, दारू थांबवल्यावर भ्रम झाला होता का, याला पानावर सगळ्यात वरची जागा द्या. ज्याला एकदा असं झालंय त्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो.

हे पान डॉक्टरांच्या हातात द्या. चारचौघांत तोंडाने सांगायची लाज वाटते, कागद देताना ती वाटत नाही. हाड मोडून, अपेंडिक्ससाठी, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, कशासाठीही ॲडमिट झालात तरी हे पान द्यायचंच. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्की.

एकदम बंद करण्याआधी

आपल्या भागात दारू सोडायचे काही ठरलेले मुहूर्त असतात. कुणी माळ घालतो, कुणी चैत्रात वणीच्या गडावर पायी निघतो, कुणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. माझी या सगळ्यावर श्रद्धा आहे, आणि माळेने सावरलेली घरं मी पाहिली आहेत. माळ जरूर घाला. पण जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याने माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टर गाठावा.

शरीरात काय होतं ते नीट समजून घ्या. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम होतो, माणसं-प्राणी दिसतात, ताप चढतो, माणूस दिवस-रात्र विसरतो. यालाच डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार नसेल तर यात जीव जातो. मामांच्या मुंग्या याच होत्या. गडाच्या वाटेवर चैत्राच्या उन्हात दुसऱ्या दिवशी कुणी झटका येऊन पडला की सगळे म्हणतात ऊन लागलं. ऊन असेलही, पण सोबतच्याने विचारायला हवं, यांनी दारू कधी थांबवली?

डॉक्टरांच्या हाताखाली हेच काम बरंच सोपं होतं. काही दिवस ठरावीक गोळ्या, ज्या रोज कमी करत नेतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. त्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नका. त्यांचीही सवय लागते, आणि दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो. कुणाला घरी ठेवून चालेल आणि कुणाला ॲडमिट करावं लागेल, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. तोवर घरच्या घरी बाटल्या फोडून, खोलीत कोंडून दारू बंद करायचा हट्ट धरू नका.

फिट आलीच तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, १०८ लावा.

सलाईनबद्दल वेगळं सांगतो, कारण गावात हे रोज घडतं. चार दिवस जेवण नाही, नुसती दारू, अंगात त्राण नाही. मग जवळच्या दवाखान्यात "एक बाटली लावून द्या" म्हणतात. ती बाटली पुष्कळदा ग्लुकोजची असते. अशा शरीरात बी-१ आधीच संपत आलेलं असतं, आणि नुसतं ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही वापरलं जातं. त्यातून मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणं, डोळे विचित्र हलणं, चालताना तोल जाणं, गोंधळून जाणं, ही तिची लक्षणं. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून बाटली लावताना हात जोडून सांगा, "डॉक्टर, हे रोज पितात, थायमिनचं इंजेक्शन द्यायचं का?" एवढं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

दवाखान्यात नेण्याची युक्ती आणि तो दिवस

व्यसनमुक्तीचं नाव काढलं की माणूस उठून जातो. "माले काय व्हस?" हे उत्तर तयारच असतं. पण तोच माणूस शुगर तपासायला तयार होतो, पायाला मुंग्या येतात म्हणून येतो, पोट फुगतं म्हणून सोनोग्राफीला येतो. ज्या तक्रारीचा त्याला स्वतःला त्रास आहे ती धरा. हे खोटं बोलणं नव्हे, कारण तपासणी खरोखर त्याच तक्रारीची करायची आहे.

दोघांनी सोबत जा. एकाने केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने पेशंटजवळ बसायचं. एकटी बायको रांगेत असते आणि तेवढ्यात माणूस गेटबाहेर ठेक्यावर पोहोचलेला असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की दुसरा माणूस नसेल तर शेजारच्या जिभाऊंना सोबत न्या असंच सांगतो. गाडी त्याच्या हातात देऊ नका. सकाळी थरथर थांबवायला त्याने थोडी घेतलीच, तर "आता कसं न्यायचं" म्हणून परत फिरू नका. तसंच न्या आणि घेतलीय म्हणून सांगा.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढच्या तपासण्यांसाठी जळगावचं सिव्हिल, म्हणजे आताचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, धुळ्याला हिरे मेडिकल आणि नंदुरबारला तिथलं शासकीय रुग्णालय आहे. तिथे मेडिसिन विभागात दाखवाच, आणि त्याच फेरीत मनोविकार विभागाचाही केसपेपर काढा. मोठा खर्च निघाला तर आवारातल्या आरोग्यमित्राला विचारा, हा आजार सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे मोफत उपचारांच्या योजनेत बसतो का. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

"पिऊन पडणाऱ्यांना आम्ही बघत नाही," असं कुणी तोडून बोललंच तर चिडू नका, पण उठूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि इतर नशांमुळे होणारे मानसिक विकार आजारांत मोजले आहेत, आणि सरकारी दवाखान्यात त्यांच्यावर उपचार मिळणं हा हक्क आहे. वरिष्ठ डॉक्टरांना भेटायचंय, एवढंच शांतपणे म्हणा.

काय तपासून घ्यायचं

पहिल्या फेरीत रक्तदाब, शुगर, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटसकट रक्ताची तपासणी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी एवढं व्हायला हवं. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा बरंच जास्त, जवळपास दुप्पट असेल, तर ती दारूची खूण असू शकते. मात्र आकडे नॉर्मल आले म्हणजे लिव्हर चांगलंच आहे असं समजू नका. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसणं, झालेल्या माणसाचेही आकडे कधी कधी बरे दिसतात. सिरॉसिस निघालाच तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, लिव्हरची गाठ लवकर सापडावी म्हणून.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत होतात. सी निघाला तर घाबरू नका. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याच्या गोळ्या मोफत मिळतात, आणि बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांत पुरा होतो. बी नसेल तर लसीचे तीन डोस घेऊन टाका: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी तपासाच. जास्त पिणाऱ्यांना टीबी होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो, आणि "विडीचा खोकला आहे" म्हणून तो महिनोन् महिने लपून राहतो. टीबीच्या काही गोळ्यांचा भार लिव्हरवर पडतो, म्हणून त्या डॉक्टरांनाही वहीचं ते पान दाखवा. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले, उलट्या होऊ लागल्या किंवा जेवणाची इच्छाच गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच जा. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात मिळतात, त्यासाठी बँक पासबुक द्या.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागात, सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड असेल तर तेही सोबत न्या. सिकलसेलमध्येही डोळे पिवळे दिसतात, म्हणून प्रत्येक पिवळेपणाचा दोष दारूला देऊन मोकळं होऊ नये. दारूने अंगातलं पाणी कमी होतं आणि सिकलसेलच्या दुखण्याची लाट येऊ शकते.

तोंड तर घरीच तपासता येतं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर तोंड आखडत चाललंय. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हलणारा दात, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी सगळीकडे मिळते हे आपल्याला माहीत आहे. आणि बायकांनो, मशेरीसुद्धा तंबाखूच आहे. नवऱ्याची तपासणी करायला गेलात की स्वतःचंही तोंड दाखवून या.

घरात होणाऱ्या काही चुका

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे त्याला न सांगता चहात किंवा भाजीत 'दारू सोडवायची पावडर' मिसळणं. त्या पुडीत काय आहे हे विकणाराही नीट सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा लिव्हर कमजोर असेल तर त्यात मृत्यू होऊ शकतो. या औषधाचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत राहतो. हे खरं औषध आहे, पण ते तपासण्या करून आणि पेशंटच्या संमतीनेच द्यायचं असतं. दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. आपल्या लिव्हर-किडनीला कुठलं चालेल ते डॉक्टरांना विचारा.

अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन आणू नका. रोज पिणाऱ्याच्या पोटात त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनीला मार बसतो. पॅरासिटामॉलही दिवसात २ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांवर जाऊ देऊ नका, आणि तीसुद्धा डॉक्टरांना विचारून. कावीळ झाली म्हणून झाडपाल्याचा रस पाजणं, काविळीची माळ उतरवणं यात जे पंधरा दिवस जातात, ते लिव्हरला परवडत नाहीत.

पोटात पाणी झालं असेल तर मिठावर लक्ष ठेवा. आपल्या जेवणातलं मीठ भाजीपेक्षा पापड, बिबडे, कुरडया, लोणचं यातून जास्त येतं. ते पूर्ण बंद करा. डाळ, दूध, अंडी मात्र बंद करू नका, त्याला प्रथिनांची गरज आहे. रात्री झोपताना थोडं खायला द्या. रावेर-यावलकडच्या घरांसाठी आणखी एक: पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन असलेली गोळी देतात, जिने रक्तातलं पोटॅशियम वाढतं. केळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं. घरचीच बाग आहे, केळीचा घड अंगणात टेकवलेला असतो आणि माणूस येता-जाता खातो. रोज किती केळी खातो ते डॉक्टरांना सांगा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे आणि उपाशीपोटी प्यायला, तर साखर एकदम उतरते. तेव्हा माणूस दिसतो प्यालेल्यासारखाच, बरळतो, घाम फुटतो, पडतो. घरात ग्लुकोमीटर असलेला बरा.

तासाभराचाही उशीर नको

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगून ताप, डोळे पिवळे आणि त्यासोबत गुंगी किंवा बडबड, छातीत दुखणं, फिट: यातलं काहीही दिसलं की १०८. हातभट्टीची प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते. जिथे डायलिसिस आहे अशाच मोठ्या रुग्णालयात न्या, आणि त्याच्यासोबत कोण कोण प्यायलं होतं त्या सगळ्यांना उठवून न्या, त्यांना काही होत नसलं तरी.

आणि एक, ज्याने फार माणसं गेली आहेत. पिऊन पडला, डोक्याला लागलं, घरच्यांनी ओट्यावर झोपवला, "उतरली की उठेल." सकाळी उठला नाही. डोक्याला मार लागलाय आणि माणूस हाक मारल्यावर नीट जागा होत नाही, उलट्या करतो, एक हात-पाय कमी हलवतो, किंवा दोन्ही बुबुळं सारखी दिसत नाहीत, तर त्याला सीटी स्कॅनची गरज आहे. जास्त पिणाऱ्याच्या डोक्यात रक्त सहज साकळतं, कधी आठ-पंधरा दिवसांनीसुद्धा लक्षणं दिसतात. नुसत्या नशेत झोपलेल्यालाही उताणं झोपवू नका. कुशीवर वळवा, उलटी घशात जाऊ नये म्हणून. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, उन्हात पडलेला प्यालेला माणूस दिसला तर आधी सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, आणि अंग तापलेलं, शुद्ध हरपलेली असेल तर रुग्णवाहिका बोलवा.

फाईल, तारखा आणि फोन

सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा, सगळ्यात वर वहीचं ते पान. पुढची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. पुन्हा प्यायला लागला म्हणून तारीख चुकवू नका. बीपीच्या पेशंटने लोणचं खाल्लं म्हणून आपण त्याचा दवाखाना बंद करत नाही.

व्यसनाबद्दल बोलायला १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखू सोडायला १८००-११-२३५६, हे सगळे मोफत आहेत. पहिल्या दोन नंबरांवर घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही. पिणाऱ्याच्या मागे धावता धावता स्वतःचं बीपी वाढलेल्या बायका आणि आया मी मोजू शकत नाही इतक्या आहेत. त्याचा केसपेपर काढाल त्या दिवशी तुमचाही काढा.

मामा आता काठी घेऊन शेतात जातात. दारू पूर्ण सुटलेली नाही. पाच महिने बंद होती, पोळ्याला पुन्हा घेतली, आता परत औषधं चालू आहेत. गेल्या महिन्यात सोनोग्राफीला गेलो होतो. डॉक्टर फाईल उघडत होते तोच, त्यांनी विचारायच्या आधीच, मामीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आधी रोज दोन क्वार्टर होती, साहेब. आता आठवड्यात एखादी. शेवटची परवा, संध्याकाळी सातला."